हिवाळ्याचं इंग्रजी: बर्फ न पाहिलेल्या पोरांना काय शिकवू?

अमळनेरची_बाई | २ डिसेंबर, रात्री ९:२०

मंडळी, मदत हवी आहे. आमची दोनशिक्षकी शाळा, माझ्याकडे दुसरी-तिसरी एकत्र, पट सत्तावीस. घरोघरी अहिराणी. शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी इंग्रजीच्या ‘विंटर थीम’चा अख्खा गठ्ठा टाकला. रंगवायला स्नोमॅन, जोड्या लावायला मिटन्स, स्लेज, पेंग्विन, भिंतीतलं धुराडं. मी हौसेने प्रिंटा काढल्या, स्वखर्चाने.

वर्गात स्नोमॅनचं चित्र धरलं. पहिला प्रश्न, “बाई, हाऊ काय शे?” म्हटलं, तुम्हीच ओळखा. मागून आवाज आला, “कापूसना ढिगारा!” एकीला एकावर एक ठेवलेली मडकी दिसली. गाजराचं नाक पाहून तिसरा म्हणाला, बुजगावणं. बर्फ म्हणजे यांच्या लेखी गोळेवाल्याचा, आणि गोळेवाला येतो चैत्रात. म्हणजे बर्फ हा उन्हाळी पदार्थ! त्याला हिवाळ्याच्या चित्रात बघून त्यांचा गोंधळ होणारच.

आपल्या हिवाळ्यावर बेतलेले, इंग्रजी बोलायला लावणारे खेळ कुणी घेतलेत का? प्रोजेक्टर नाही. अंगण आहे, ऊन आहे, निंब आहे.

भुसावळ_लोकल | २ डिसेंबर, रात्री ९:३१

स्नोमॅन जळगावात आणा, मे महिन्यात. ‘मेल्ट’ हा शब्द एका मिनिटात शिकवून होईल.

नाना_निवृत्त | २ डिसेंबर, रात्री १०:०५

बाई, पारोळा तालुक्यात चौतीस वर्षं काढली, त्यातला एक खेळ सांगतो. साहित्य म्हणजे खडूचा तुकडा.

एका पोराला बाहेर पाठवायचं. खडू लपवायचा, समजा कुणाच्या दप्तराखाली. पोरगं आत आलं की सगळा वर्ग बोलणार, पण फक्त तापमानात. लांब असेल तर ‘कोल्ड’, आणखी लांब गेला तर ‘कोल्डर’, वळला की ‘वॉर्म’, जवळ आला की ‘वॉर्मर’, आणि हात पडायच्या बेतात आला की ‘हॉट, हॉट, हॉट!’ पहिल्या दिवशी पोरं चेव येऊन ‘थंडं थंडं’ ओरडायची. मी म्हणायचो, शोधणाऱ्याला मराठी ऐकू येत नाही. झालं. ‘कोल्डर’मधला शेवटचा ‘र’ मी कधी फळ्यावर लिहिला नाही, तरी तो कुणाचा सुटला नाही, कारण तो सुटला की खडू सापडत नाही.

दुसरी गोष्ट, शनिवारी सकाळची शाळा असते तिचा फायदा घ्या. पोषण आहाराची स्टीलची ताटली घ्यायची, तोंडाजवळ धरून हाऽऽ करायचं, वाफ धरते. त्यावर बोटाने अक्षर लिहायचं आणि ते उडायच्या आत शेजाऱ्याने वाचायचं. नऊनंतर ऊन तापलं की अक्षर धरत नाही, म्हणून प्रार्थना झाली की लगेच. इतर दिवशी साडेदहाच्या शाळेत हा खेळ फसतो, मी फसवून पाहिला आहे.

जळगाव_मॅडम | २ डिसेंबर, रात्री १०:४०

थोडं वेगळं मत मांडते. मी इंग्रजी माध्यमात शिकवते. स्नोमॅन काढून टाकायची काय गरज? आमच्या मुलांनीही बर्फ पाहिलेला नाही, पण पेंग्विन त्यांना कार्टूनमुळे पाठ आहे. आपण वाघ कुठे पाहिला होता हो? भाषा शिकायची म्हणजे दुसऱ्यांच्या घरात डोकावायचंच की. सगळंच ‘आपल्या मातीतलं’ करत बसलो तर इंग्रजीचा उपयोग अमळनेरच्या बाजारापुरता उरेल.

दादर_भाकरी | २ डिसेंबर, रात्री १०:५२

अमळनेरच्या बाजारात इंग्रजी चाललं तरी मला आनंदच आहे. तिथे भाव विचारला की मराठीसुद्धा चालत नाही.

नाना_निवृत्त | २ डिसेंबर, रात्री ११:०१

मॅडम, वाघ पाहिला नव्हता, पण आजीने सांगितला होता. स्नोमॅन कुणाच्या आजीने सांगितलाय?

गिरणाकाठ | ३ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी चाळीसगावकडे चौथीला शिकवतो. माझी अडचण खेळांची नाही, वाक्याची आहे. गेल्या वर्षी थंडीचा धडा घेतला आणि विचारलं, ‘हाऊ डू यू फील?’ एक हुशार पोरगं उठलं आणि ठणठणीत आवाजात म्हणालं, ‘सर, कोल्ड इज रिंगिंग टू मी.’

मी हसलो, मग घरी जाऊन विचार करत बसलो. त्याचं काय चुकलं? आपल्याला थंडी वाजते. ‘माले थंडी वाजस.’ घंटा वाजते ते ‘रिंगिंग’ मीच शिकवलं होतं. त्याने दोन्ही नीट जोडलं. आपल्याकडे थंडी येऊन माणसाला वाजते, भूक लागते, राग येतो, माणूस बिचारा नुसता ‘मला’ होऊन बसलेला असतो. इंग्रजीत माणूस स्वतःच थंड होतो, ‘आय अ‍ॅम कोल्ड’. त्यात एक ‘अ’ घुसवून ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हटलं की सर्दी. आणि हवेबद्दल बोलायचं तर कुठून तरी ‘इट’ आणायचा, ज्याचा अर्थ पोरं विचारतात आणि आपल्याला सांगता येत नाही.

यावर मी तीन जागांचा खेळ केला. वर्गात तीन कोपरे. एका कोपऱ्यात कुडकुडायचं, दुसऱ्यात शिंकायचं, तिसऱ्यात खिडकीबाहेर हात करायचा. मी वाक्य म्हणणार, पोरांनी त्या कोपऱ्यात पळायचं. ‘आय हॅव अ कोल्ड’ला निम्मी पोरं कुडकुडायच्या कोपऱ्यात पळायची, आठवडाभर. मग उलट केलं. एका पोराने नुसती शिंक द्यायची आणि वर्गाने वाक्य म्हणायचं. तेव्हा बसलं.

भुसावळ_लोकल | ३ डिसेंबर, सकाळी ७:४०

‘कोल्ड इज रिंगिंग’ हे पहाटे भुसावळ स्टेशनवर उभं राहिलं की शब्दशः खरं वाटतं. दातांचा आवाज घोषणेपेक्षा स्पष्ट येतो.

कळण्याची_भाकर | ३ डिसेंबर, सकाळी ८:०२

बाई, हिवाळा म्हटलं की आमच्याकडे एकच थीम. भरीत! पालकांना बोलवा, शाळेच्या मागे तुरीच्या वाळक्या काड्या पेटवा, आणि पोरांना सगळी कृती इंग्रजीत बोलू द्या. वॉश, प्रिक, रोस्ट, टर्न, पील, मॅश. सहा क्रियापदं, सहाही हाताने करायची. घोकंपट्टी लागतच नाही. वांगं नीट भाजलं का ते कुणी इंग्रजीत विचारलं तर नाकाने उत्तर देता येतं.

यावल_यावल | ३ डिसेंबर, सकाळी ८:१०

वांगी बामणोदची आणा.

फैजपूरकर | ३ डिसेंबर, सकाळी ८:१२

भालोदची.

यावल_यावल | ३ डिसेंबर, सकाळी ८:१३

झालं सुरू.

दादर_भाकरी | ३ डिसेंबर, सकाळी ८:३०

दोघंही गप्प बसा, जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात सगळे आले. बरं, पुस्तकात ‘ब्रिंजल’ म्हणायचं की ‘एगप्लांट’? माझा भाचा कार्टून बघून एगप्लांट म्हणतो आणि आई विचारते, अंड्याची भाजी कुणी सांगितली?

जळगाव_मॅडम | ३ डिसेंबर, सकाळी ९:००

ब्रिंजलच. तो शब्द पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्याकडच्या इंग्रजीत आलेला आहे. इंग्लंडात ऑबर्जिन म्हणतात, अमेरिकेत एगप्लांट. आपण आपल्या इंग्रजीत बोलावं. बघा, या मुद्द्यावर मी नानांच्या बाजूने आहे.

नाना_निवृत्त | ३ डिसेंबर, सकाळी ९:०४

तारीख लिहून ठेवतो.

शिस्तप्रिय | ३ डिसेंबर, सकाळी ११:२०

तिसरीतल्या पोराला मराठी जोडाक्षर वाचता येत नाही आणि इथे विंटर थीम चाललीय. आधी मातृभाषा पक्की करा.

गिरणाकाठ | ३ डिसेंबर, दुपारी १:१०

भाऊ, पहिलीपासून इंग्रजी आलं २०००मध्ये. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आता आमच्या शाळेत पालक म्हणून येतात. वाद जुना आहे, त्याचा वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला. बाईंनी ‘शिकवू का’ विचारलेलं नाही, ‘कसं’ विचारलंय.

तोरणमाळ_वाट | ३ डिसेंबर, रात्री ८:४५

उशिरा बघितला धागा, रेंज नव्हती. मी धडगाव भागात होतो, आता तोरणमाळच्या खालच्या पट्ट्यात. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. ‘खान्देशात बर्फ नाही’ हे सरसकट लिहू नका. तोरणमाळ हजार मीटरहून उंच. कडाक्याच्या पहाटे गवतावरचं दव गोठतं, गाडीच्या टपावर पांढरा थर धरतो. तिकडे अक्कलकुव्याच्या डाबकडेही तसंच. एकदा पोरांनी सागाच्या पानात तो थर खरवडून शाळेत आणला. पोहोचेपर्यंत निम्मं पाणी. ‘आईस, वॉटर, आईस, वॉटर’ असं म्हणत सगळे पानाभोवती बसले, पाच मिनिटांत पानावर फक्त ओल उरली. तेवढ्यात मी ‘फ्रॉस्ट’ सांगितला. त्यांच्या घरी पावरी, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी. तरी तो शब्द त्यांनी टिकवला, कारण तो त्यांनी धरलेला होता.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. नवीन होतो तेव्हाची. मीही असाच तयार पाठ घेतला, ‘व्हॉट आर यू वेअरिंग?’ एकेकाने उठायचं, अंगावरचे गरम कपडे दाखवायचे, नाव सांगायचं. स्वेटर, कॅप, सॉक्स. सातवा-आठवा मुलगा उठला. अंगात नुसता शाळेचा शर्ट, वरचं बटण तुटलेलं, तिथे बाभळीचा काटा टोचलेला. तो म्हणाला, ‘माय स्वेटर इज अ‍ॅट होम.’ वाक्य अगदी बरोबर. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता, कारण सगळ्यांना माहीत होतं की घरी स्वेटर नाही. घरीसुद्धा कुणी नव्हतं, आईबाप ऊसतोडीला गेलेले. मी ‘व्हेरी गुड’ म्हणालो. आजही ते ‘व्हेरी गुड’ आठवलं की स्वतःचा राग येतो.

पोरांच्या अंगावरच्या कपड्यांवर पाठ घेऊ नका. एवढंच.

अमळनेरची_बाई | ३ डिसेंबर, रात्री ९:३०

दादा, बरं झालं सांगितलंत. माझ्या उद्याच्या टाचणात नेमका तोच प्रश्न होता. खोडला.

जळगाव_मॅडम | ३ डिसेंबर, रात्री ९:५५

तोरणमाळ_वाट, वाचून गप्प झाले.

कपड्यांचे शब्द तर शिकवायचे आहेत, मग असं करा. एका पिशवीत शिक्षकांच्या घरचे जुने कपडे. मोठ्या मापाचे, मुद्दाम. मफलर, कानटोपी, हातमोजे, शाल. दोन गट. हुकूम सुटला, ‘पुट ऑन द कॅप!’ की पळत जायचं, घालायचं, परत यायचं, ‘टेक इट ऑफ!’, पुढच्याला द्यायचं. कपडे सगळ्यांचे, कुणाचेच नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी हे तंत्र मांडलं, मूल आधी हुकूम ऐकून शरीराने उत्तर देतं, तोंड नंतर उघडतं. लहानांना बोलायची सक्ती नसते, म्हणून लाजरी मुलंही पळतात. आमच्याकडे बाईंच्या मिस्टरांचा ओव्हरकोट हिट आहे, त्यात दुसरीची दोन पोरं एकदम मावतात.

भुसावळ_लोकल | ३ डिसेंबर, रात्री १०:०२

‘इस्वेटर’चं काय करायचं? आमच्याकडे इस्कूल, इस्टेशन, इस्वेटर. माझं स्वतःचंसुद्धा.

गिरणाकाठ | ३ डिसेंबर, रात्री १०:१५

साप करा. सssss असा लांब आवाज, हात वळवळत पुढे, आणि मग ‘वेटर’. सापाच्या आधी ‘इ’ येत नाही. दोन दिवस पोरं मधल्या सुट्टीतही साप होतात, तेवढं सहन करावं लागतं.

केळीवाला_रावेर | ४ डिसेंबर, सकाळी ६:३०

मी शिक्षक नाही, बागायतदार. रात्रभर बागेत काडीकचरा पेटवून धूर करतोय. पारा दहाच्या खाली गेला की केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड अडकतो. बाईंना सुचवायचं, भिंतीवर थर्मामीटर लावा. स्वस्तात मिळतो. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी लावलाय. रोज एक पोरगं वाचतं, ‘टुडे इट इज ट्वेंटी-सिक्स डिग्रीज’, आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहितं. माझी मुलगी घरी येऊन मला इंग्रजीत आकडा सांगते, मी त्यावर रात्रीचं ठरवतो असं दाखवतो. गुरुजींचा आकडा दुपारचा असतो म्हणून उपयोग होत नाही, पण तिला सांगत नाही.

नाना_निवृत्त | ४ डिसेंबर, सकाळी ७:००

जिभाऊ, त्या ‘इट’चा अर्थ तुमच्या मुलीला विचारा. गिरणाकाठला हवाय.

शिस्तप्रिय | ४ डिसेंबर, सकाळी १०:१०

बरं, एक शंका. इंग्रजी तक्त्यात चार ऋतू असतात. आपले तीन, पंचांगात सहा. पोराने काय लिहायचं?

जळगाव_मॅडम | ४ डिसेंबर, सकाळी १०:४०

आलात ना धाग्यात! तक्त्यात ‘ऑटम’ला पानं गळतात आणि मग विंटर येतो. आपल्याकडे पानगळ शिशिरातली, म्हणजे थंडी ओसरताना. माझ्या मुलांनी तक्ता पाहून खिडकीबाहेरचा पिंपळ पाहिला आणि म्हणाली, मिस, हा उशीर करतोय. मी सरळ सांगते, तक्ता तिकडचा, पिंपळ इकडचा. दोन्ही वहीत काढायचे. ऑक्टोबरच्या उन्हाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून एकमत नाही.

कळण्याची_भाकर | ४ डिसेंबर, सकाळी १०:५५

‘सेकंड समर’. आणि पहिला संपलाच कुठे होता.

कापूस_एकरी | ४ डिसेंबर, रात्री ९:००

कुणी कापसाचा स्नोमॅन करणार असेल तर हात जोडून विनंती, चांगला कापूस घेऊ नका. भाव काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. कवडी न्या, पावसात भिजून काळी पडलेली, व्यापारी हात लावत नाही तिला. स्नोमॅन जरा मळका दिसेल. आपल्याकडचा आहे म्हणून सांगा.

अमळनेरची_बाई | १९ डिसेंबर, रात्री ९:१५

दोन आठवड्यांनी परत आले. कुणी विचारलं नाही तरी हिशेब देते.

नानांचा खडूचा खेळ रोज, न मागता. ‘कोल्डेस्ट’ त्यांनी स्वतःच तयार केला, कुणीतरी खडू शाळेबाहेर हापशाजवळ लपवला तेव्हा. ताटलीवरची वाफ एका शनिवारी जमली, दुसऱ्या शनिवारी ढगाळ होतं, फसली. पिशवीतले कपडे मस्त, फक्त माझी मोठी शाल आता परत नेण्यासारखी राहिली नाही. भरीत अजून बाकी, पालक म्हणतात तुरीच्या काड्या वाळू द्या.

स्नोमॅनची प्रिंट मात्र मी टाकली नव्हती, खर्च केला होता ना. झालं असं की तिसरीतल्या एका मुलीचा काका फौजेत आहे, लडाखकडे. ती म्हणाली, “बाई, मना काकाकडे खरा बरफ शे.” सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी, ओट्यावर, बारा-तेरा पोरं आणि मी. फोन लागला, चित्र तुटक. त्याने फोन दाराबाहेर धरला. सगळं पांढरं. पोरांचा आवाजच बंद. मग प्रश्न सुरू झाले. मी ठरवलं होतं इंग्रजीत विचारायचे, तीन विचारलेही, ‘इज इट कोल्ड?’, ‘इज इट हार्ड?’, ‘कॅन यू ईट इट?’ तोही गडी हसत इंग्रजीत उत्तर देत होता. शेवटी सगळ्यात लहान पोरगी, दुसरीची, एरवी तोंड उघडत नाही, ती फोनच्या अगदी जवळ जाऊन म्हणाली, “काका, बरफले वास येस का?”

तो थोडा थांबला. म्हणाला, बर्फाला वास नसतो बेटा, पण आमच्याकडे सगळ्याला रॉकेलचा येतो. आत रॉकेलची शेगडी रात्रंदिवस चालू. कपड्यांना, अंथरुणाला, चहालासुद्धा.

सोमवारी मी स्नोमॅनची प्रिंट वाटली, म्हटलं, खाली एक वाक्य लिहा. बहुतेकांनी ‘स्नो इज व्हाइट’ लिहिलं. त्या दुसरीच्या पोरीने लिहिलं, ‘स्नो स्मेल केरोसीन.’ स्पेलिंग बघायला नको. लाल पेन हातात आहे आणि दोन दिवस वही उघडी ठेवून बसलेय. काय करू?

जळगाव_मॅडम | १९ डिसेंबर, रात्री ९:२५

‘स्मेल’ला एस लावा. ‘ऑफ’ पुढच्या वर्षी.

तोरणमाळ_वाट | १९ डिसेंबर, रात्री ९:४०

पेन्सिलने लावा.

फैजपूरकर | १९ डिसेंबर, रात्री ९:४१

आणि भरीत कधी आहे? वांगी भालोदहून पाठवतो.

यावल_यावल | १९ डिसेंबर, रात्री ९:४२

पाठवून बघ.